पडद्यामागचा ढावलो

दिग्रसला जिनिंगमागच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला की जवळच्या लमाण तांड्यातल्या बायकांचं कामात लक्ष राहत नसे. रामीबाईचं राहायचं. ती म्हणायची, "कापडावरची माणसं पाहाले कायले जाता? घरातले नाटकं संपले का तुमचे?" असं म्हणणारी रामीबाई बासष्ट साली स्वतःच सिनेमाला गेली आणि स्वतःच्या हातानं घरात आग लावून आली. निदान तांड्यात तरी आजवर असंच म्हणतात, आणि तांड्याचं तोंड कोण धरणार?

ती गेली नातीपायी. गंगी सतरा वर्षांची. आई लहानपणीच गेली, म्हणून आजीच्याच हाताखाली वाढलेली. होळीनंतर तिचं लग्न होतं, नेरकडच्या तांड्यातल्या पूनमसिंगच्या मुलाशी, सेवादासशी. सगाईचा गूळ दोन्ही तांड्यांनी खाल्लेला. गंगीनं सेवादासला दिग्रसच्या बाजारात दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा घरी येऊन भाकरी करपवली होती. रामीबाईनं करपलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली. पोरीला मुलगा आवडला, आणखी काय विचारायचं?

"दादी, लग्नानंतर कोन नेते सिनेमाले? एकडाव चाल ना वं," गंगी आठ दिवस मागे लागली. मग एका संध्याकाळी शंकरसिंगनं, म्हणजे रामीबाईच्या मुलानं, गंगीच्या बापानं, बैलगाडी जुंपली.

तंबूत पडदा मधोमध ताणलेला असायचा. पुढच्या अंगाला पुरुष, मागच्या अंगाला बायका. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर पाणी मारत, म्हणजे चित्र आरपार उमटे. मागून पाहिलं की सगळं उलटं. माणसं डाव्या हातानं जेवत, डाव्या हातानं आशीर्वाद देत.

"या सिनेमातले सारे डावरेच हायेत का वं?" शेजारच्या बिजलीबाईनं विचारलं.

"पोटात गेलं म्हंजे झालं. कोन्या हातानं खाल्लं ते पोट नाही इचारत," रामीबाई म्हणाली.

बायकांच्या बाजूला एकच लोखंडी खुर्ची होती. तिच्यावर हायस्कुलातल्या यज्ञेश्वर मास्तरांची बायको बसली होती, सुनीती. मास्तर पुढच्या बाजूला, मांडीवर वही घेऊन. यवतमाळच्या साप्ताहिकात ते सिनेमावर लिहीत. दिग्रसात त्यांचं लिहिलेलं वाचून मगच काही लोक ठरवायचे की आपल्याला सिनेमा आवडला की नाही.

सिनेमा असा होता. सुलेखा नावाची मुलगी टेशनावर उभी असते. बाप तिला सासरच्या गावी घेऊन निघालेला. चहावाल्याच्या हातून चहा तिच्या लुगड्यावर सांडतो. ती धुवायला नळावर जाते आणि गाडी सुटते. टेशनावरच्या बाकड्यावर तिला एक इंजिनियर भेटतो, मग गाणी, मग प्रेम. इथवर ठीक. पण मग पुन्हा तेच टेशन येतं, तोच चहावाला, आणि या वेळी चहा सांडत नाही. सुलेखा गाडीत बसते. सासरी जाते. आणि तो इंजिनियर येऊन रिकाम्या बाकड्यावर बसतो, वर्तमानपत्र उघडतो, त्याला ठाऊकही नाही की आपलं काय गेलं.

बायकांत गोंधळ उडाला. कोणी म्हणे जुळ्या बहिणी आहेत. कोणी म्हणे मशीनवाल्यानं रीळ चुकवलं. बिजलीबाई म्हणाली, पहिली मेली, ही तिचं भूत आहे.

"चूप बसा," रामीबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. "एकच पोट्टी हाय. एकडाव असं झालं, एकडाव तसं. इतकं कळत नाही?"

तिला कळायचं कारण होतं आणि ते तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सासूला नाही. मरणाऱ्या आईला घडलं ते ठाऊक होतं, पण ते पोरीच्या मनात राहिलं हे तिलाही नाही.

तिच्या लहानपणी तांडे अजून मीठ-धान्य लादून बैलांवरून फिरत. सगळ्यात पुढं देवाला सोडलेला बैल चाले. त्याच्या पाठीवर ओझं ठेवत नसत, फक्त झूल आणि घुंगरं. तो बैल बसला की तांडा थांबायचा. त्याला कोणी उठवायचं नाही, काठी लावायची नाही. त्याच्या मनात येईल तेव्हा तो उठेल. देवाचा बैल तो, त्याला कोण विचारणार? रामीची सगाई ज्या मुलाशी झाली होती त्याचा तांडा पैनगंगेकडून निघाला होता. ठरल्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. रामीचा बाप तापट. चौथ्या दिवशी शेजारी उतरलेल्या तांड्यातला एक मुलगा त्यानं पाहिला, गूळ वाटला आणि रामीला देऊन टाकली. रामी सासरच्या तांड्याबरोबर निघून गेल्यावर, सातव्या दिवशी पैनगंगेकडचा तांडा आला. त्यांचा बैल एका ओढ्याकाठी बसला होता, असं रामीला पुढं माहेरी कळलं. सहा दिवस उठलाच नाही.

बस, इतकंच. कोणाचा गुन्हा नाही, कोणाचं वैर नाही. बैल बसला.

त्यांच्यात मुलगी सासरी निघाली की बैलावर उभी राहून ढावलो म्हणते. आई, बाप, भाऊ, तांडा, एकेकाचं नाव घेऊन गळा मोकळा करून रडते. त्याला चाल असते, शब्द असतात, मोठ्या बायका आधी शिकवून ठेवतात. जी चांगला ढावलो म्हणते तिचं नाव तांड्यात निघतं. रामीनं एक शब्द काढला नाही. बायकांनी चिमटे घेतले, मावशीनं कानाशी चाल धरून दिली. तिनं ओठ मिटून घेतले ते मिटूनच ठेवले. तुम्ही मला विचारलं नाही, मग माझं रडणंही मिळणार नाही. पंधरा वर्षांच्या पोरीची रग ती, दुसरं काय. सासू मरेपर्यंत तिला 'मुकी' म्हणत राहिली. पुढं मुकीला अशी काही जीभ फुटली की नवरा जेवतानाही सांभाळून बसायचा. नवरा वाईट नव्हता. तेही एक दुःखच होतं, त्याच्यावर राग काढता येत नव्हता.

आता पडद्यावर सुलेखा गाडीत बसलेली. खिडकीतून बापाकडं पाहते, हसते. हसते! गाडी हलली तरी डोळ्यात टिपूस नाही. रामीबाई उठून उभी राहिली ते तिला कळलं नाही. पंचेचाळीस वर्षं घशात बसलेलं बाहेर आलं. मावशीनं कानाशी धरलेली ती चाल, एक वळण न चुकता. अख्खा ढावलो. पुढचे पुरुष ओरडले, "कोन हाय ते? चूप करा!" मशीनवाल्यानं खेळ थांबवला. गंगी आजीच्या कमरेला मिठी मारून रडत होती, कारण तिचं लग्न जवळ आलं होतं आणि इतका चांगला ढावलो तिनं कधी ऐकला नव्हता.

परतताना गाडीत रामीबाई म्हणाली, "तांड्यात कोनी इचारलं तं सांगा, सिनेमा भिकार होता."

आठ-दहा दिवसांनी शंकरसिंग बाजारातून साप्ताहिक घेऊन आला. चौथी पास होता, अडखळत वाचायचा. मास्तरांनी सिनेमाची पार सालटी काढली होती. 'चहाचा एक पेला सांडतो की न सांडतो यावर दोन आयुष्यं टांगून ठेवणाऱ्या लेखकाला आयुष्य कशाशी खातात हे ठाऊक नसावं. योगायोग हा कथेचा आधार होऊ शकत नाही. माणूस आपल्या निर्णयांनी घडतो.' असं बरंच होतं. आणि शेवटी: 'मात्र दिग्रसच्या तंबूत एक क्षण असा आला की सारा कृत्रिम डोलारा कोसळला. नायिका कोरड्या डोळ्यांनी सासरी निघाली आणि पडद्यामागून एका लमाण तरुणीनं टाहो फोडला. गंगी तिचं नाव. तिच्या कोवळ्या कंठातून फुटलेला तो विलाप हीच या चित्रपटाची एकमेव खरी समीक्षा होय.'

"गंगी?" रामीबाई म्हणाली. "हे कोनी सांगतलं त्याले?"

"माहं नाव हाय?" गंगी म्हणाली. "कुठं हाय, दाखव."

शंकरसिंगनं बोट ठेवून दाखवलं. गंगी बराच वेळ त्या दोन अक्षरांकडं पाहत राहिली. त्या घटकेला तिला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगायचं.

तिसऱ्या दिवशी पूनमसिंग यष्टीनं आला. घरात आला नाही, पाणी घेतलं नाही, सरळ तांड्याच्या नायकाकडं, फुलसिंगकडं गेला. फुलसिंग म्हणजे रामीबाईचा धाकटा दीर. संध्याकाळी नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसली. संत सेवालालच्या पांढऱ्या झेंड्यापुढं पुरुष गोल करून बसले, बायका मागं.

पूनमसिंग कापूस विकायला नेरच्या मार्केटात गेला होता. तिथं अडत्यानं सगळ्यांदेखत पेपर वाचून दाखवला. 'पूनमसिंग, सून तं मोठी नावाची केली तुम्ही. आता सिनेमातच घाला.' हमालसुद्धा हसले.

"आमच्या घरची सून बाजारात टाहो फोडते अन् पेपरात छापून येते," पूनमसिंग म्हणाला. "कोनासाठी रडली ते? कोनती गाडी सुटली तिची? लोक मले इचारतात, मी काय सांगू? अन् जिनं आपलं रडनं तंबूत रडून टाकलं, तिच्यापाशी आमच्या बैलावर रडाले काय उरलं?"

गंगी बायकांत बसली होती. तिनं डोक्यावरची ओढणी तोंडावर घेतली.

"गंगी नाही गायली," रामीबाई उठून म्हणाली. "मी गायली."

पुरुषांनी मागं वळून पाहिलं. मग फुलसिंग नायक हसला. वाईट नव्हता तो, पण हसला.

"भाभी, तुह्या लग्नात मी दहा वर्साचा होतो. बाया चिमटे काढून थकल्या, पन तुह्या तोंडातून हूं नाही निघालं. माही माय तुले मरेपर्यंत मुकी म्हनत गेली. जे आपल्या लग्नात नाही रडली, ते सिनेमात रडली? कोन मानीन?"

"बिजलीले इचारा. बाजूले होती."

बिजलीबाईनं मान हलवली खरी, पण पूनमसिंग म्हणाला, "तुमच्याच तांड्याची बाई. तुमच्याच बाजूनं बोलीन."

"बरं भाभी," फुलसिंग म्हणाला, "गायली तं गायली. कायले गायली, तेवढं सांग. पटलं तं इथंच मिटवतो."

आता सगळे तिच्याकडं पाहू लागले. एक वाक्य बोलायचं होतं. माझी सगाई दुसऱ्याशी झाली होती, त्याचा बैल बसला, आणि ते माझ्या मनात राहून गेलं. बोलली असती तर लोकांनी मानलं असतं. असलं खोटं कोणी म्हातारी आपल्याच अंगावर घेत नाही. पण समोर नवऱ्याचा भाऊ बसला होता. शेजारी तिचा मुलगा, बापासारख्याच कानांचा. पंचेचाळीस वर्षं जिनं सगळ्या तांड्याला बोलून सरळ केलं, तिच्याविषयी उद्या विहिरीवर पोरीबाळी म्हणतील, म्हातारी अजून त्याच्यासाठी रडते. तो जगला की मेला हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

"घसा खाजवला म्हनून," रामीबाई म्हणाली आणि बसली.

पुरुष हसले. पूनमसिंगसुद्धा हसला. "आजी नातीवर पांघरून घालते, चांगली गोष्ट हाय. पन पांघरून लहान पडलं."

शेवटी फुलसिंगच्या शब्दाखातर त्यानं एवढं कबूल केलं: ज्यानं छापलं त्यानंच होळीआधी छापावं की ती गंगी नव्हती. मग पाहू.

दुसऱ्या दिवशी रामीबाई दिग्रसला मास्तरांच्या दारात उभी. हातभर बांगड्या, घागऱ्यावर आरशाच्या काचा चमकताहेत, शेजारपाजारचे खिडक्यांत. मास्तरांनी बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"मास्तर, गायली मी अन् छापली माही नात. तुमाले डोळे हायेत का नाही?"

"मी पडद्याच्या पुढं होतो, बाई. तिकिटवाल्यानं दारात तिला हाक मारलेली ऐकली होती, तो म्हणाला, त्या गंगीच्या सोबतचं कोणीतरी आहे म्हणून."

"कोनीतरी म्हंजे गंगीच?"

आतून सुनीती आली. पदराला हात पुसत म्हणाली, "मी त्याच रात्री सांगितलं होतं यांना. आजी गायल्या, मी दोन हातांवर बसले होते. दोनदा सांगितलं."

मास्तरांचे कान लाल झाले. "अहो, लेखनात थोडं… तरुण मुलगी म्हटलं की वाचकाच्या मनाला भिडतं. आणि मी काय निंदा केली का? स्तुतीच केली की! अख्ख्या लेखात स्तुती फक्त तुमच्या नातीची आहे."

"तुमच्या स्तुतीनं तिचं लगन मोडून राह्यलं. म्हातारी रडली तं काय रडनं नासते? का म्हातारीले गळा नसते?"

"नाही, तसं नाही…"

"तसंच हाय. छापा आता. रामीबाई गायली, गंगी नाही. इतकंच."

मास्तरांनी वही घेतली. चष्म्यावरून पाहत हळू विचारलं, "पण का गायलात, आजी? तेवढं सांगितलंत तर…"

दुसऱ्यांदा विचारलं होतं कोणीतरी. सुनीतीही पाहत होती.

"नाव लिहा," रामीबाई म्हणाली. "कारन लिहायचं नाही."

पुढच्या अंकात छापून आलं. पण कारण नाही म्हटल्यावर लिहिणाऱ्याच्या हाताला चैन कुठली? 'गेल्या अंकातील उल्लेखात दुरुस्ती: तो विलाप गंगी हिचा नसून तिची आजी रामीबाई हिचा होता,' इथं थांबायचं, तर मास्तरांनी पुढं लिहिलं, 'कोण जाणे, या वृद्धेचीही एखादी गाडी कधीकाळी चुकली असेल. ऐनवेळी वाट बदललेली अशी किती आयुष्यं आपल्या पडद्यामागं बसून असतात!' योगायोगाला शिव्या घालणाऱ्या माणसाचा अंधारात मारलेला दगड नेमका जाऊन लागला. आणि त्यालाही ते कधी कळणार नव्हतं.

शंकरसिंग तो अंक घेऊन नेरच्या यष्टीत बसला. संध्याकाळी परत आला तेव्हा अंक हातात नव्हता.

"काय म्हने?" रामीबाईनं विचारलं. ती गंगीचा लग्नातला घागरा शिवत होती. शेवटची काचांची ओळ राहिली होती.

"म्हने, आधी नात, आता आजी. तुमचा पेपरवाला दर आठवड्याले नवी बाई रडवते. उद्या माह्या बायकोचं नाव येईन. कोनतं खरं धरू?" शंकरसिंग खाटेवर बसला. "अन् म्हने उशीर झाला. ढाणकीकडं गूळ खाल्ला त्यायनं. चार दिवस झाले."

"सेवादास काही बोलला?"

"बैलाले पानी पाजत होता. मान खाली घालून."

शंकरसिंग चुलीपाशी न थांबता बाहेर निघून गेला. गंगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्या कमरेला रिकामी घागर होती. ती आत आली, घागर खाली ठेवली आणि आजीच्या समोर बसली.

"दादी, त्यानं लिहिलं ते खरं हाय का? गाडी चुकल्याचं?"

रामीबाईनं सुईत दोरा ओवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. आणि मग, कोणास ठाऊक का, तिनं सांगितलं. पैनगंगेकडचा तांडा, ओढा, सहा दिवस न उठलेला बैल. फार नाही, पाच-सहा वाक्यांत संपलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट इतकी लहान असेल असं तिला वाटलं नव्हतं.

गंगी रडली नाही. विचार करत राहिली.

"हे नसाबीत सांगतलं असतं तं मानलं असतं त्यायनं?"

"मानलं असतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुह्या आज्याचा भाऊ बसला होता समोर. तुहा बाप होता. काय सांगू? नशीब म्हन. माहा बैल बसला, तुहा बी बसला."

गंगीनं अर्धवट घागरा आजीच्या मांडीवरून उचलला, झटकला, घडी घातली. काचा एकमेकींवर घासून कुरकुरल्या.

"त्या दिवशी बैल नव्हता बसला, दादी," ती म्हणाली. "तू बसली होतीस."

घागऱ्याची घडी तिनं पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. रामीबाईच्या हातात सुई तशीच होती, दोरा लोंबत. बाहेर शंकरसिंग बैलांना कडबा टाकत होता.

"पानी आन जाय," रामीबाई म्हणाली. "घागर रिकामी हाय."